नुसता मजकूर पारखायचा कसा?

प्रश्न एका शिक्षिकेचा आहे. थोडक्यात असा: "मी माध्यमसाक्षरता शिकवते. फोटो, व्हिडिओ, जाहिराती यांची चिरफाड मुलं हौसेनं करतात. मजकुराचा तास आला की म्हणतात, यात बघायचं काय, नुसतं वाचायचंच तर आहे. मजकूर हेही एक माध्यम आहे हे त्यांना कसं पटवू? आणि त्याची पारख कशावरून करायची?"

तुमच्या मुलांना तसं वाटणं साहजिक आहे. फोटो बघताना कुठेतरी कॅमेरा होता, तो कुणीतरी धरला होता, एवढं भान आपल्याला असतं. मजकूर वाचताना तेवढंही उरत नाही. डोळे अक्षरांवरून सरकतात, अर्थ थेट डोक्यात उतरतो आणि मधे कुणी होतं हेच आपण विसरतो. माझी उमेदीची सगळी वर्षं वृत्तपत्राच्या डेस्कवर इतरांच्या कॉप्या दुरुस्त करण्यात गेली. आता मी पडताळणीचं काम करतो आणि ते शिकवतो. मजकुरात काय म्हटलंय हे तपासायचंच, पण त्याच्या आधी तो कुणाच्या हातून, कुठल्या साच्यातून आपल्यापुढे आला ते बघायचं, असं मी मुलांना सांगतो. निकषांची यादी मात्र देणार नाही. यादी पाठ होते आणि वापरायची वेळ आली की आठवत नाही.

सुरुवात इथून करा: मजकूर ही एक वस्तू आहे. तिला भाषा असते, टंक (फॉन्ट) असतो, पानावरची जागा असते, तारीख असते आणि यातली प्रत्येक गोष्ट साक्ष देते. १४४० साली लोरेन्झो वाल्ला या इटालियन विद्वानाने 'कॉन्स्टंटाइनचं दानपत्र' बनावट असल्याचं दाखवून दिलं. चौथ्या शतकातल्या या रोमन सम्राटाने साम्राज्याच्या पश्चिम भागावरचा अधिकार पोपला बहाल केला, असं सांगणारा तो दस्तऐवज होता आणि पोपच्या राजकीय सत्तेला त्याचा आधार दिला जात असे. वाल्लाने मुख्य भर दिला तो भाषेवर. त्यातलं लॅटिन चौथ्या शतकातलं वाटतच नव्हतं. रोमच्या मानकऱ्यांमध्ये चक्क 'सत्रप', म्हणजे पर्शियातले प्रांताधिकारी, येऊन बसले होते. पुढे अभ्यासकांनी तो दस्तऐवज आठव्या शतकाच्या सुमाराचा मानला. मजकूर खोटं बोलत होता आणि त्याचे शब्दच त्याच्याविरुद्ध साक्षीला उभे राहिले.

मुलांना हे फार जुनं वाटलं तर २०१७चं उदाहरण द्या. पाकिस्तानात पनामा पेपर्स प्रकरणाची चौकशी चालू असताना २००६ची तारीख असलेला एक दस्तऐवज पुढे आला. तो कॅलिब्री या टंकात होता आणि मायक्रोसॉफ्टने हा टंक सर्वसामान्य वापरासाठी आणला २००७मध्ये. यावर मोठा गदारोळ झाला. चाचणी आवृत्त्यांमधून कॅलिब्री त्याआधीही काही जणांच्या संगणकावर होता, हेही खरं आहे. म्हणून टंकावरून कुणी थेट निकाल देऊ नये. पण पुढचा प्रश्न कुणाला आणि काय विचारायचा, हे टंकाने दाखवून दिलं. पडताळणीत बहुतेक पुरावे याच जातीचे असतात.

टंकाचा आपल्या विश्वासावरही थोडा परिणाम होतो. चित्रपट दिग्दर्शक एरॉल मॉरिस यांनी २०१२मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या संकेतस्थळावर एकच विधान वेगवेगळ्या वाचकांना वेगवेगळ्या टंकांत दाखवलं आणि ते पटतं का, असं विचारलं. बास्करव्हिल या जुन्या, भारदस्त टंकात ते वाचणाऱ्यांनी किंचित जास्त सहमती दाखवली. फरक थोडासाच होता, त्यामुळे त्यावर इमले बांधू नका. मुद्दा एवढाच, की शब्द तेच ठेवून कपडे बदलले तरी वाचक अगदी जसाच्या तसा वाचत नाही.

यानंतर येतो प्रकार. मुलं हा भाग घाईत उरकतात, पण सर्वात जास्त फसगत इथेच होते. बातमी, अग्रलेख, प्रसिद्धीपत्रक, प्रायोजित लेख, संशोधन निबंध, करारनामा, विडंबन: प्रत्येकाने वाचकाला वेगळं वचन दिलेलं असतं. अग्रलेखाने बाजू घेतली तर तो पक्षपाती म्हणून मोडीत निघत नाही, कारण बाजू घ्यायला तर तो लिहिलेला असतो. प्रसिद्धीपत्रकात दुसरी बाजू नसते, नसणारच. गडबड होते ती एका प्रकाराने दुसऱ्याचा वेश घेतला की. जाहिरात बातमीसारखी मांडायची आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात 'प्रायोजित' लिहायचं, हा त्यातला नेहमीचा डाव. कधी वेश घेतलेलाही नसतो, वाचणाराच चुकतो. द ओनियन हे अमेरिकेतलं उघडउघड विडंबनाचं प्रकाशन. २०१२मध्ये त्याने उत्तर कोरियाचे किम जोंग-उन यांना 'जगातला सर्वात मादक पुरुष' ठरवलं. चीनच्या पीपल्स डेलीच्या ऑनलाइन आवृत्तीने ते खरं मानून सोबत ५५ छायाचित्रांची मालिका छापली. तिथे वाचता येणाऱ्यांची कमतरता होती असं नाही. आपण काय वाचतोय याचा अंदाज चुकला, की मग प्रत्येक वाक्याचा अर्थ नीट लावूनही उपयोग होत नाही.

आता शब्दांकडे येऊ. माझा जीव इथे रमतो, त्यामुळे जरा लांबण लागेल.

एकच प्रसंग तीन तऱ्हांनी लिहून बघा. ही वाक्यं मीच रचलेली आहेत. "कारखान्यातील स्फोटात चार कामगारांना जीव गमवावा लागला." "कारखान्यातील स्फोटाने चार कामगारांचा बळी घेतला." "बॉयलरची तपासणी न करताच काम सुरू ठेवल्याने स्फोट. चार कामगार ठार." तिन्हींमध्ये मृतांचा आकडा एकच आहे. पहिल्या वाक्यात कुणाचाच हात नाही, नशिबात होतं तसं घडलं. दुसऱ्यात दोषी आहे तो स्फोट, जणू तो आपल्या पायांनी चालत आला. माणूस फक्त तिसऱ्यात दिसतो, पण म्हणूनच तिथे पुराव्याची जबाबदारीही वाढते: तपासणी केली नव्हती हे कोण म्हणतं? एखादा अहवाल आहे, की सहकाऱ्याने सांगितलंय, की बातमीदाराचा अंदाज आहे? मुलांना सांगा, तिसरं वाक्य आपोआप चांगलं नाही आणि पहिलं आपोआप लबाड नाही. स्फोटानंतर तासाभरात लिहिलेल्या बातमीत पहिलंच वाक्य प्रामाणिक असतं. महिन्याने, चौकशी अहवाल हातात आल्यावरही कुणी तेच लिहीत असेल तर मात्र भुवया उंचावायला हव्यात.

मराठीत कर्ता लपवायच्या सोयी मुबलक आहेत. 'असे समजते', 'बोलले जात आहे', 'चर्चेला उधाण आले आहे', 'असे मानले जाते', 'सूत्रांनी सांगितले'. डेस्कवर असताना अशा वाक्याखाली मी पेन्सिलने रेघ मारून समासात एकच शब्द लिहायचो: कोण? बातमीदार वैतागायचे. कधी त्यांच्याकडे खरोखर नाव असायचं आणि ते उघड करता येत नसायचं. तेव्हा निदान 'चौकशी समितीतील एका सदस्याने नाव न छापण्याच्या अटीवर सांगितले' इतकं तरी लिहिता यायचं. कधी 'चर्चा' म्हणजे दोन सहकाऱ्यांमधलं बोलणं असायचं. वाचक म्हणून तुम्हाला हा फरक कळावा असं वाटत असेल, तर 'कोण?' हा प्रश्न समासात लिहायची सवय मुलांनाही लावा.

बोलण्याची क्रियापदं हा दुसरा खजिना. एकाच विधानाला 'म्हणाले', 'दावा केला', 'आरोप केला', 'कबूल केले', 'स्पष्ट केले', 'ठणकावले', 'टोला लगावला' यातलं काहीही लागू शकतं. 'दावा केला' म्हटलं की बोलणाऱ्यावर शंकेची सावली पडते. 'स्पष्ट केले' म्हटलं की तो सत्यच सांगतोय असं गृहीत धरलं जातं. 'कबूल केले' म्हणजे गुन्हा होताच. आणि 'टोला लगावला' म्हणजे मुद्दा काय होता ते विसरा, सामना बघा. निवेदनात फक्त 'म्हणाले' असेल तर वाचताना ते सपक वाटतं, पण माझ्या लेखी बातमीत त्याहून प्रामाणिक क्रियापद नाही.

तिसरी गोष्ट आपल्या भाषेची खास आहे: आदरार्थी आणि एकेरी. साधा माणूस संशयित ठरला की बातमीत तो लगेच 'तो' होतो: 'तो पळाला', 'त्याला अटक केली'. पदावरच्या माणसावर तसाच आरोप असला तरी तो 'ते' राहतो: 'त्यांनी आरोप फेटाळले', 'त्यांना ताब्यात घेण्यात आले'. दोघांवरही अजून काही सिद्ध झालेलं नसतं. न्यायालयाच्या आधी व्याकरणाने निकाल देऊन टाकलेला असतो आणि तो आपल्या कानाला खटकतही नाही, इतका सवयीचा झालाय. मुलांना आरोपांच्या दोन बातम्या शेजारी ठेवायला सांगा आणि फक्त सर्वनामांभोवती गोल काढायला लावा. यावर वेगळं भाषण करावं लागत नाही.

छोटे शब्दही बघा. 'तब्बल १२ टक्के' आणि 'अवघे १२ टक्के' यांत आकडा तोच आहे. मोठा की लहान हे लिहिणाऱ्याने आपल्या वतीने ठरवून टाकलंय. 'अखेर' आलं की आपण सगळे त्या गोष्टीची वाट बघत होतो असं होतं. 'चक्क' (हा मीही वर वापरलाय) म्हणजे घडलं ते विपरीत. हे शब्द खोडा आणि वाक्य पुन्हा वाचा. जे उरतं ती माहिती.

शब्दांचा असा परिणाम खरंच होतो का, असं एखादा चलाख मुलगा विचारेल. १९७४मध्ये एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी विद्यार्थ्यांना मोटारींच्या टकरीच्या चित्रफिती दाखवून गाड्यांचा वेग विचारला. प्रश्नात फक्त क्रियापद बदललं होतं. गाड्या एकमेकींवर 'जोरात आदळल्या' तेव्हा, अशा अर्थाचं क्रियापद वापरलं तर सरासरी उत्तर ताशी ४०.८ मैल आलं; 'टेकल्या' अशा सौम्य क्रियापदाला ३१.८ मैल. दुसऱ्या प्रयोगात आठवड्यानंतर विचारलं, फुटलेली काच दिसली होती का? काच फुटलेलीच नव्हती. तरी कडक क्रियापद ऐकलेल्या ५० जणांपैकी १६ जण हो म्हणाले, 'धडकल्या' असं साधं क्रियापद ऐकलेल्या ५० पैकी ७. इथे तर माणसांनी प्रसंग स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. बातमी वाचणाऱ्याजवळ शब्दांखेरीज दुसरं काहीच नसतं.

शीर्षकाबद्दल डेस्कवरचं एक उघड गुपित सांगतो. बातमीचा मथळा बहुतेक वेळा बातमीदार लिहीत नाही. तो उपसंपादक लिहितो, तेही जागा मोजून, पान सोडायची वेळ डोक्यावर असताना. दोन ओळींत बसवायचं म्हणून पहिला बळी जातो तो 'शक्यता', 'प्राथमिक', 'काही' अशा शब्दांचा. ऑनलाइनमध्ये जागेची अडचण नाही, तर क्लिकची आहे. तिथे माहिती कापण्याऐवजी दडवली जाते. त्यामुळे शीर्षक आणि बातमी हे दोन वेगळे मजकूर समजून वाचावेत. मथळ्यात प्रश्नचिन्ह असेल तर बातमीत उत्तर आहे का ते बघा. उत्तर पक्कं 'हो' असतं तर प्रश्नचिन्ह कशाला टाकलं असतं? एकेरी अवतरणात शब्द असेल तर तो कुणाचा, हे पहिल्या दोन परिच्छेदांत सापडलं पाहिजे. 'पूर्ण बातमी वाचली की शीर्षकाचा परिणाम पुसला जातो' यावर माझा विश्वास नाही. उलरिक एकर आणि सहकाऱ्यांनी २०१४मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दिशाभूल करणाऱ्या शीर्षकाचा ठसा मजकूर वाचल्यानंतरच्या आठवणीवर आणि निष्कर्षांवरही दिसून आला होता.

आकड्यांचं तंत्र लोक अवघड समजतात. तसं ते नाही, 'कशाच्या तुलनेत?' आणि 'कितीपैकी?' हे दोन प्रश्न बहुतेक वेळा पुरतात. ऑक्टोबर १९९५मध्ये ब्रिटनमध्ये अधिकृत इशारा निघाला, की नव्या पिढीच्या काही गर्भनिरोधक गोळ्यांमुळे रक्ताची गुठळी होण्याचा धोका दुप्पट होतो. हे खरं होतं. पण दुप्पट म्हणजे सुमारे ७,००० स्त्रियांमागे एकीऐवजी दोघींना. हा दुसरा भाग लोकांपर्यंत पोहोचला नाही. घाबरून अनेकींनी गोळ्या सोडल्या आणि त्यानंतरच्या वर्षात इंग्लंड व वेल्समध्ये अंदाजे १३,००० गर्भपात जास्त झाले. वाक्यात एकही शब्द खोटा नव्हता, अर्धं वाक्य गहाळ होतं. 'ध चा मा' करायला अक्षर बदलावंच लागतं असं नाही.

आकड्यांत आपली आणखी एक अडचण आहे, भाषांतराची. मिलियन म्हणजे १० लाख आणि बिलियन म्हणजे १०० कोटी, अर्थात एक अब्ज. रात्रपाळीच्या घाईत मिलियनचे 'लाख' होतात आणि आकडा दहापट आकसतो. तसंच मूळ अहवालातलं 'असू शकतं' मराठीत येईपर्यंत 'आहे' होतं. परदेशी संशोधनाची बातमी असेल तर हे दोन सांधे आधी ठोकून बघा: आकड्याचं एकक आणि क्रियापदाची खात्री. मूळ मजकूर सापडला तर अर्धी शंका तिथेच मिटते.

एवढं सगळं ऐकून मुलांना वाटेल, की पारखणं म्हणजे मजकुरावर भिंग घेऊन तासभर बसणं. गंमत म्हणजे जे हे काम रोज करतात ते पहिल्या फेरीत नेमकं उलटं करतात. स्टॅनफर्डमध्ये सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅग्रू यांनी १० इतिहासकार, १० व्यावसायिक तथ्यपडताळणीकार आणि २५ पदवी विद्यार्थी यांना अनोळखी संकेतस्थळं तपासायला दिली. त्यात बालरोगतज्ज्ञांच्या दोन संघटना होत्या: एक १९३०पासूनची, हजारो सदस्य असलेली, दुसरी २००२मध्ये फुटून निघालेली, छोटी, विशिष्ट सामाजिक भूमिका मांडणारी. नावं एकमेकांसारखी, दोन्ही पानं गंभीर आणि नीटनेटकी. बहुतेक विद्यार्थी आणि बरेच इतिहासकारही पान वरपासून खालपर्यंत वाचत बसले: मांडणी बघितली, संदर्भ बघितले, आणि चकले. पडताळणीकारांनी पान जेमतेम चाळलं, नव्या टॅब उघडल्या आणि या संस्थेबद्दल इतर लोक काय म्हणतात ते आधी शोधलं. याला आडवं वाचन म्हणू. ज्याच्याबद्दल शंका आहे त्याचंच म्हणणं आधी एकाग्रतेने ऐकत बसायचं नाही. आधी शेजारीपाजारी चौकशी करायची. शेजाऱ्यांनी बरं म्हटलं तर मग उभं, बारकाईने वाचायचं, आणि तिथे वरचं शब्दांचं काम सुरू होतं. हा क्रम उलटा झाला की मेहनत वाया जाते.

यातून आणखी एक गोष्ट दिसते. पडताळणीकार सगळ्यांवर संशय घेत नाहीत. भरवसा ठेवण्याजोगं काही सापडलं की ते पटकन विश्वास ठेवून पुढे जातात. 'सगळेच खोटं लिहितात' म्हणणारा विद्यार्थी मला भोळ्या विद्यार्थ्यापेक्षा जास्त काळजीत टाकतो. भोळ्याला शिकवता येतं. सगळंच खोटं ठरवणाऱ्याने शिकणं थांबवलेलं असतं, आणि शेवटी आपल्या मनासारखं जे असेल तेच तो खरं मानतो.

आता फॉरवर्ड झालेला मजकूर. इथे मजकुराचे सगळे कपडे उतरलेले असतात: टंक नाही, पान नाही, लेखक नाही, तारीख नाही. त्यामुळे फक्त वाक्यं उरतात. नमुना म्हणून हा एक मी रचलाय:

"मोठी बातमी! एका नामांकित विद्यापीठाच्या ताज्या संशोधनातून सिद्ध झालंय की फोन उशाशी ठेवून झोपणाऱ्यांची स्मरणशक्ती ४० टक्क्यांनी कमी होते. कंपन्या हे तुम्हाला कधीच सांगणार नाहीत. उद्यापासून नियम लागू होतोय. आपल्या माणसांना नक्की पाठवा."

'एका नामांकित' म्हणजे नाव नाही. 'ताज्या' म्हणजे तारीख नाही. हा मजकूर दहा वर्षांनीही ताजाच राहील. 'सिद्ध': एका अभ्यासाने सहसा काही सिद्ध होत नाही, फार तर दिसून येतं. '४० टक्के': कशाच्या, कुणाच्या तुलनेत, मोजले कसे? उशाशी फोन ठेवणारे मुळातच कमी झोपत असतील, तर दोष फोनचा की जागरणाचा? 'कंपन्या सांगणार नाहीत' हे वाक्य फार धूर्त आहे, कारण कुणी खुलासा केला तर तोच आता कटाचा पुरावा ठरतो. 'उद्यापासून': कुठल्या तारखेच्या उद्यापासून? आणि नियम कुणाचा? शेवटचं वाक्य तर माहितीच देत नाही, कामाला लावतं. एवढ्या छोट्या मजकुरात तपासून बघता येईल असं एकही विधान नाही, आणि हीच त्याची ताकद. जे तपासता येत नाही ते खोडूनही काढता येत नाही. वर ते चार गटांतून चारदा येतं. एखादं विधान पुन्हा पुन्हा कानावर पडलं की ते जास्त खरं वाटू लागतं, हे मानसशास्त्रज्ञांनी १९७७मध्येच दाखवलंय. ऐकणाऱ्याला अनेकदा 'हे चौघांनी सांगितलं' इतकंच आठवतं. चौघांनी ते एकाच ठिकाणाहून उचललं होतं हे आठवत नाही.

मजकुराच्या स्क्रीनशॉटबद्दल तर एक प्रात्यक्षिकच दाखवा. ब्राउझरमधली विकासकांची साधनं उघडून कुठल्याही संकेतस्थळावरचं शीर्षक तुमच्या पडद्यापुरतं बदलता येतं. मिनिटभराचं काम आहे. मग त्याचं चित्र काढलं की हुबेहूब बातमी तयार. मुलांच्या डोळ्यांसमोर हे एकदा केलं की 'स्क्रीनशॉट आहे ना माझ्याकडे' हा युक्तिवाद कायमचा बंद होतो. स्क्रीनशॉट आला तर त्यातलं वाक्य शोधून मूळ पान गाठायचं.

मूळ पान गाठलं तरी ते स्थिर असतंच असं नाही. छापलेला अंक बदलत नाही, ऑनलाइन बातमी सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरी असू शकते. 'अद्ययावत' अशी वेळ लिहिलेली असते, काय बदललं ते क्वचितच. इंटरनेट आर्काइव्हचं वेबॅक मशीन २००१पासून सर्वांना खुलं आहे. त्यात जुन्या आवृत्त्या अनेकदा सापडतात. आणि कधी मजकूर तोच राहतो, त्याचा दर्जा बदलतो. गोवर-गालगुंड-रुबेला लसीचा संबंध स्वमग्नतेशी जोडणारा निबंध लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात १९९८ साली आला. तो १२ मुलांवर आधारलेला होता. २०१०मध्ये लॅन्सेटने तो मागे घेतला. त्याचा जुना उल्लेख वाचणाऱ्याला हे कळायला मार्ग नसतो. म्हणून संशोधनाचा हवाला दिसला की निबंध आहे का, एवढ्यावर थांबू नये. आज त्याची स्थिती काय आहे तेही बघावं.

यंत्राने लिहिलेल्या मजकुराबद्दल मुलं विचारतीलच. पूर्वी अशुद्ध लेखन, तुटकी वाक्यं ही फसव्या मजकुराची एक खूण असायची. ती खूण आता गेली. गुळगुळीत, शुद्ध आणि आत्मविश्वासाने भरलेला मजकूर कुणालाही फुकटात तयार करून मिळतो. २०२३मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल न्यायालयात वकिलांनी चॅटजीपीटीकडून घेतलेले निवाडे दाखल केले. त्यांत पक्षकारांची नावं होती, उद्धरणं होती. फक्त ते निवाडे अस्तित्वात नव्हते. न्यायालयाने ५,००० डॉलर दंड केला. वाक्यं वाचून ही चोरी पकडता आली नसती. निवाडा शोधला आणि सापडला नाही, तेव्हाच ती पकडली गेली. मजकूर यंत्राचा की माणसाचा हे ओळखणाऱ्या साधनांवर मी विसंबत नाही. ओपनएआयने स्वतःचं असं साधन अचूकता कमी म्हणून जुलै २०२३मध्ये मागे घेतलं, आणि त्याच वर्षीच्या एका अभ्यासात अशी साधनं इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी स्वतः लिहिलेल्या निबंधांनाही यंत्राचे ठरवत असल्याचं दिसलं. कुणी लिहिलं हे ठरत नसेल तर सोडून द्या. कशाच्या आधारावर लिहिलं हे विचारा. तो आधार माणसालाही द्यावा लागतो आणि यंत्रालाही.

वर्गासाठी मी वापरतो तो सराव सांगतो. एकाच घटनेचे तीन मजकूर घ्या: संबंधित संस्थेचं प्रसिद्धीपत्रक, त्यावरची बातमी आणि त्या बातमीवरून फिरलेला संदेश. प्रत्येक मजकूर दीडशे शब्दांच्या आसपास ठेवा, त्याहून मोठा असेल तर मुलं रंगवत सुटतात आणि वाचायचं राहून जातं. खरं की खोटं, हे विचारायचंच नाही. प्रत्येक वाक्याला रंग द्यायला सांगा: लिहिणाऱ्याने स्वतः पाहिलेलं एका रंगात, कुणीतरी सांगितलेलं दुसऱ्या, कागदपत्रातून घेतलेलं तिसऱ्या, लिहिणाऱ्याने काढलेला अर्थ चौथ्या. ज्याला कुठलाच रंग देता येत नाही ते वाक्य कोरं राहू द्या. मग तिन्ही कागद फळ्यावर शेजारी शेजारी लावा. प्रसिद्धीपत्रकातलं कुठलं वाक्य बातमीत जसंच्या तसं आलं, बातमीतलं कुठलं संदेशात पोहोचलंच नाही आणि संदेशात कोरी जागा किती वाढली, यावर उरलेला तास सहज जातो. दोन मुलांनी एकाच वाक्याला वेगळे रंग दिले असतील तर तुम्ही मधे पडू नका, त्यांना एकमेकांशी भांडू द्या. गुण देताना 'अजून ठरवता येत नाही' या उत्तरालाही पूर्ण गुण ठेवा. अट एकच: काय मिळालं तर ठरवता येईल, हे त्या मुलाने त्याच्या खाली लिहिलं पाहिजे.